कार्यअहवाल छापायला टाकण्याआधी

पुणे
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनिल,

सप्रेम नमस्कार.

माजी नगरसेवक म्हणून महापालिका निवडणुकीसाठी तू काढतोयस त्या कार्यअहवालाचा कच्चा मसुदा वाचला. मुखपृष्ठ झकास आहे, आतला हिशोब मात्र ढिला आहे. मंगळवारी आरक्षणाची सोडत झाली, तुमच्या प्रभागातल्या चार जागांपैकी ‘ड’ जागा सर्वसाधारण राहिली, हे बरं झालं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ च्या आत निवडणुका उरकायला सांगितल्यात. म्हणजे आचारसंहिता कधीही लागेल आणि दुरुस्तीला हाताशी फार दिवस नाहीत.

पहिली अडचण तारखांची. फेब्रुवारी २०१७ ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आले. तेव्हापासून मुख्य सभा नाही, स्थायी समिती नाही, प्रभाग समितीही नाही. अशा वेळी ‘२०१७ ते २०२५ : आठ वर्षांची विकासगंगा’ हे शीर्षक कुणीही पाच मिनिटांत फाडेल. २०२३ मध्ये झालेला रस्ता तुझा म्हणायचा असेल तर त्याचा ठराव किंवा तरतूद तुझ्या मुदतीतली दाखव आणि ‘मंजुरी २०२१, काम प्रशासकांच्या काळात’ असं सरळ छाप. मुदतीनंतर तू नुसती निवेदनं दिलीस, तिथे ‘पाठपुरावा’ हाच शब्द ठेव. पाठपुरावा कमी प्रतीचा नसतो. त्या साडेतीन वर्षांत माजी नगरसेवकाच्या हातात दुसरं काय होतं? फक्त निवेदनाची आवक क्रमांक असलेली प्रत जवळ हवी.

दुसरी गोष्ट पैशांची, आणि इथे तुझा मसुदा सगळ्यात कच्चा आहे. तू अंदाजपत्रकातल्या तरतुदीच्या बेरजा करून ‘इतक्या कोटींची कामे’ लिहिलंयस. तरतूद म्हणजे खर्च नव्हे. उदाहरण घे: एका गल्लीच्या काँक्रिटीकरणाला ५० लाखांची तरतूद, पूर्वगणनपत्रक (खात्याने काढलेला खर्चाचा अंदाज) ४८ लाखांचं, निविदा १८ टक्के कमी दराने आली तर कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, निघतो ३९ लाख ३६ हजारांचा. मोजमाप पुस्तिकेत काम कमी भरलं तर अंतिम देयक आणखी खाली. यातला शेवटचा आकडा खरा. निविदा ३१ मार्चच्या आत मार्गी लागली नाही तर तरतूद तशीच बुडते. तुझ्या यादीत अशी बुडालेली कामं असणारच. पहिल्या वर्षी सगळ्यांचीच असतात. ती शोध आणि काढून टाक.

‘स’ यादीतले, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांचे पैसे वर्गीकरणाने कुठून कुठे नेले तेही तपास. पावसाळी गटाराचे पैसे बाकांकडे आणि नामफलकांकडे वळवल्याचा ठराव विरोधकाच्या हाती लागला, तर अख्खा अहवाल त्या एका कागदापुढे हरतो. तसं झालं असेल तर आधीच तूच सांग, कारणासकट.

कागद कुठून मिळतील? ठराव आणि कार्यपत्रिका नगरसचिव कार्यालयात, कार्यादेश व देयकं क्षेत्रीय कार्यालयात किंवा त्या त्या खात्यात. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि तेवढी वाट बघायला तुला वेळ नाही. मुदत अवलोकनालाही तीच आहे, तरी अर्जात प्रतींऐवजी अभिलेखांचं अवलोकन माग आणि ते लवकर दाखवायची विनंती कर. बसून बघायला पहिल्या तासाचं शुल्क नाही, आणि हवी तेवढीच पानं पानामागे दोन रुपयांनी मिळतात.

आता हद्द. २०१७ ला १६२ नगरसेवक होते, आता ४१ प्रभागांत १६५ जागा आहेत आणि मधल्या काळात गावं आत-बाहेर झाली. तुझ्या जुन्या प्रभागातल्या काही वस्त्या आता शेजारी गेल्या, काही नव्याने आल्या. नव्या नकाशावर कामं मांड. जिथे तुझं एकही काम नाही त्या वस्तीत जुनी यादी वाटलीस तर लोक फक्त तेवढंच बघतील. तिथे वेगळं एकपानी पत्रक लागेल, आणि त्यात रेकॉर्ड नको, तिथल्या अडचणी हव्यात. शिवाय तुमच्या प्रभागात चौघे निवडून येतात, तेव्हा एकच गटार चौघांच्या अहवालात येतं. पॅनेलमधल्या बाकी तिघांशी यादी ताडून घे.

जायका (जपानच्या अर्थसाहाय्याच्या) प्रकल्पातली अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रं आणि समान पाणीपुरवठा योजनेच्या टाक्या तुझ्या पानांवर कशाला? ती शहराची कामं. टाकीच्या जागेसाठी तू भांडला असशील तर तेवढंच लिही.

उद्दिष्टांकडे येतो. ‘चोवीस तास पाणी’ नगरसेवकाने छापू नये. धरणातला कोटा जलसंपदा विभागाकडे, योजना मुख्य खात्याकडे. त्याऐवजी असं लिही : प्रभागातल्या टोकाच्या पाच ठिकाणी दर महिन्याला दाब मोजून आकडे फलकावर लावणार. एकमजली वस्तीत नळापाशी किमान सात मीटर दाब (पाणी तेवढं उंच चढेल इतका) हवा, हा केंद्राच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेतला मानदंड होता. तेवढाही मिळत नसेल तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं : गंजलेली जुनी वाहिनी, व्हॉल्व्हची चुकीची वेळ, किंवा वाटेतले मोटार लावून ओढणारे. तिन्हींवर इलाज प्रभागाच्या पातळीवर होतो, आणि म्हणूनच हे वचन पाळता येतं.

रस्त्यांचं वचन देताना क्रम छाप. आधी मलवाहिनी, मग पाणी, मग केबलसाठी डक्ट, शेवटी काँक्रीट. क्रम उलटला की सहा महिन्यांत रस्ता फोडायला ब्रेकर लागतो. जुना थर न खरवडता वर नवा ओतला की रस्ता उंच होतो, चेंबरची झाकणं गाडली जातात आणि तळमजल्यावर पाणी शिरतं. ‘काँक्रिटीकरणाआधी सगळ्या खात्यांची संयुक्त पाहणी आणि उंबऱ्याची पातळी नोंदवणार’ ही एक ओळ दहा रस्त्यांच्या यादीपेक्षा भारी आहे.

गतिरोधक मागणारे तुझ्याकडे रोज येतील. वाहतूक पोलिसांची परवानगी लागते, आणि इंडियन रोड काँग्रेस या रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाने गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच असतो. लोकांना हवा असतो तो अरुंद, कंबर मोडणारा. तो करून देईन असं कबूल करू नकोस.

वेळापत्रक प्रामाणिक ठेव. नवं सभागृह बसेपर्यंत फेब्रुवारी उजाडेल. २०२६-२७ चं अंदाजपत्रक तोवर प्रशासनाने बेतलेलं असेल, तुम्हाला फार तर उपसूचना देता येतील. तुझ्या मनातली मोठी कामं २०२७-२८ च्या अंदाजपत्रकात येणार. तेव्हा ‘पहिल्या शंभर दिवसांत’ या सदरात फक्त पैसे न लागणारी कामं घाल : कचरा उचलण्याच्या वेळा, बंद दिव्यांची नोंद, प्रभाग समितीच्या कार्यपत्रिका जाहीर करणं.

पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापायला विसरू नकोस. छपाईची पावती आत्तापासून वेगळ्या फाइलला लाव, कारण निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो आणि तो न देणारा पुढे अपात्र ठरू शकतो. स्वतःचा मिळकतकर आणि पाणीपट्टी थकलेली नाही ना, घराला वाढीव बांधकामाची नोटीस नाही ना, हेही वहिनींना विचारून घे. अर्जाच्या छाननीत असल्या गोष्टी बाहेर येतात.

सुधारलेली यादी पाठवशील तेव्हा तिला पाच रकाने कर : कामाचं ठिकाण, ठराव क्रमांक, कार्यादेशाची तारीख, अंतिम देयक, आजची अवस्था. शेवटचा रकाना स्वतः फिरून भर. उखडलेल्या रस्त्यासमोर ‘उखडला, दोषदायित्व कालावधीत ठेकेदाराकडून दुरुस्तीची मागणी’ (म्हणजे बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करायच्या मुदतीत) असं लिहिलंस तरी चालेल, पण रकाना मोकळा ठेवू नकोस. चारपाच दिवसांत यादी आली तर मी रविवारी बसून तपासून देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर