लॅबमधल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेलच.

बारावीनंतर टीसीसाठी नो ड्यूजवर लॅबची सही घ्यायला आले होते. विज्ञानाची बाई व्हायचं हे माझं नक्की होतं, पण बीएस्सी कशात करायची ते ठरत नव्हतं. घरी एकच धोशा, कॉम्प्युटर घे. मी बॉटनी धरून बसले होते, मार्क चांगले म्हणून. खरं तर फिजिक्सला घाबरायचे. तुम्ही बीकर विसळता विसळता म्हणालात, "उद्या दहावीची पुस्तकं घेऊन ये. मग सही."

दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे दोन्ही भाग टेबलावर ठेवले. जो धडा पुस्तक न बघता शिकवशील त्यावर खूण कर, म्हणालात. भाग 2 मध्ये आनुवंशिकतेपासून भराभर खुणा झाल्या. भाग 1 मध्ये गुरुत्वाकर्षण कोरं, भिंगं कोरी. "दोन्ही भागांना बाई एकच असते. हे कोण शिकवणार, माझ्यासारखा शिपाई?"

राग आला होता, आता सांगते. कारण माझ्या शाळेत भिंगांचा धडा 'घरी वाचून या' यावरच उरकला होता.

मग तुमच्या भावाच्या डाय हाउसला, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात नेलंत. हायड्रोचा (सोडियम हायड्रोसल्फाइटचा) वास अजून नाकात आहे. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो घातलेली निळ्या रंगाची टाकी, पण सूत बाहेर आलं ते हिरवट-पिवळं! भावानं लडी पिळून हवेत झटकली आणि बघता बघता ती निळी होत गेली. टाकीत क्षपण, हवेत ऑक्सिडीकरण. दहावीत ही व्याख्या मी तोंडपाठ म्हणायचे, पण लहानपणापासून अंगावर सोलापुरी चादर घेऊनही मला तिची आठवण कधी झाली नव्हती.

"केमिस्ट्री घे, जोडीला फिजिक्स ठेव," परतताना तुम्ही एवढंच बोललात. "बायो तुला येतंच." बॉटनी वाईट असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत, हे मुद्दाम लिहिते. मैत्रीण बॉटनी करूनच उत्तम शिकवते. मला मात्र पळवाट हवी होती, ती तुम्ही बंद केलीत.

पहिल्या वर्षी फिजिक्सनं रडवलं. बीएस्सीची तीन वर्षं, बीएडची दोन. पुढे टेटच्या (शिक्षक अभियोग्यता चाचणीच्या) 200 मार्कांचं आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलचं पुराण इथे नको.

आता मोहोळ तालुक्यात नववी-दहावीला शिकवते. गेल्या आठवड्यात भिंगं झाली, तीन तास घेतले. 'घरी वाचून या' म्हटलं नाही.

पुढच्या महिन्यात ऑक्सिडीकरण दाखवायचंय. भावाला विचारून कोऱ्या सुताची एक लडी मिळेल का? रविवारी येते. चहा तेव्हा घेऊ.

तुमची,
बीकर फोडणारी