रजिस्ट्रेशन झालंय, आधी पूर्ण वाचा

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. विंटर क्वार्टरचं, म्हणजे जानेवारीपासूनच्या सत्राचं, रजिस्ट्रेशन झालं. मॅथ १२५ आहेच, काळजी नको. पण प्रोग्रामिंगचा सीएसई १२२ स्प्रिंगला ढकललाय, आणि त्याच्याऐवजी सोशिऑलॉजी आणि त्याला जोडलेला इंग्लिश २९८, म्हणजे रायटिंगचा कोर्स, असे दोन घेतलेत.

बाबा, लगेच चष्मा काढू नका, पुढे वाचा. हे दोन कोर्स जोडीनेच घ्यायचे असतात. सकाळी सहाला पोर्टल उघडतं, दोन्हीचे पाच आकडी नंबर सोबतच टाकले, लागले एकदाचे! सोशिऑलॉजीच्या लेक्चरला हॉल भरून पोरं असतात, रायटिंगला त्यातलीच मोजकी, छोट्या वर्गात. लेक्चरला जे वाचायचं त्याच्यावरच इकडे पेपर लिहायचा, शिकवणारे ड्राफ्ट वाचून समोर बसवून बोलतात, मग परत लिहायचा. एकच वाचन दोन्हीकडे कामाला येतं. आणि हा टाइमपास नाहीये हो, सोशल सायन्सचे क्रेडिट लागतातच, शिवाय कंपोझिशन, म्हणजे लेखनाचा पहिला कोर्स, झाल्यावरही वर रायटिंगचे आणखी क्रेडिट लागतात, इंजिनिअरिंगवाल्यांनासुद्धा. फी एक रुपया वाढत नाही, इथे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये १० ते १८ क्रेडिटना एकच फी आहे, माझे १५ झाले. व्हिसाला १२ पुरतात. झालं समाधान?

खरं सांगू का, या क्वार्टरला कंपोझिशनच्या वर्गात मी २०१९ च्या पुरावर लिहिलं होतं. दुकानात पाणी कुठवर आलं, वह्यांचे गठ्ठे कसे फुगले, सगळं. मॅडमनी मार्जिनमध्ये पेन्सिलीने एवढंच लिहिलं, "तेव्हा तुझे बाबा कुठे होते?" आई आणि मी तर मिरजेला मावशीकडे. बाबा, मला माहीतच नाही तुम्ही त्या रात्री काय केलंत. असं विचारणारं कुणीतरी पाहिजे म्हणून हा कोर्स घेतलाय. पुढच्या फोनला सांगा, टाळू नका.

आई, तू इस्त्री करता करता माझ्याकडून निबंध पाठ करून घ्यायचीस ना, मधलं वाक्य विसरलं की इस्त्री तशीच हातात धरून थांबायचीस, तेच आठवतं इथे लिहायला बसलं की.

मी मजेत आहे. कुकर चालू आहे, लोणचं अजून अर्धी बरणी आहे, पाऊस आहे पण आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता भुरभुरतो. युनिव्हर्सिटीच्या कार्डावर बस आणि ट्रेन दोन्ही होतात, त्यामुळे रात्री लायब्ररीतून चालत येत नाही, आई.

आता तुमचं. बाबा, बीपीची गोळी डबीत वारानुसार भरून ठेवायची, पोटमाळ्यावर चढायचं नाही, स्कूटर घेऊन मिरजेला जायचं तर अजिबातच नाही, रिक्षा करा, पैशाचं मला सांगू नका. घड्याळं बदललीत, आता साडेतेरा तासांचा फरक, तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे माझे सकाळचे आठ, तेव्हाच फोन करा, उगाच जागत बसू नका. आणि आई, रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाक, "नॉर्मल आहे गं" एवढ्यावर मी ऐकणार नाहीये.

तुमची,
छोटी