आधी माती, मग बाग : बंद कारखान्याच्या भूखंडासाठी आवाहन

सर्व सभासद, वर्गणीदार आणि हितचिंतकांना सस्नेह नमस्कार.

गेल्या रविवारच्या सभेला कोरम कसाबसा झाला, त्यामुळे तिथे काय ठरले ते लेखी कळवणे भाग आहे. आपल्या निवासी विभागाला लागून असलेला डाइंग-प्लेटिंगचा (कापड रंगवण्याचा आणि धातूला मुलामा देण्याचा) कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. कंपनी बुडाली, यंत्रे भंगारात गेली, छपराचे पत्रेही गेले. मागे राहिली ती जमीन. तिच्यावर उद्यानाचे आरक्षण आहे, म्हणजे आज ना उद्या बाग होणारच, असे बहुतेकांनी धरून ठेवले आहे. पावसाळ्यात मागच्या कोपऱ्यात साचणारे पिवळे-हिरवे पाणी ज्यांनी पाहिले आहे ते तसे म्हणणार नाहीत. आणि सुटीत आपलीच मुले तिथे क्रिकेट खेळतात.

डोंबिवलीकरांना हे नवे नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातली ४३ अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रे जाहीर केली, त्यात आपले नाव होते. जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, वाहिन्यांच्या गाड्या आल्या, मंत्री आले, सगळे परत गेले. रस्ता धुता तरी येतो. जमिनीत मुरलेले तसे निघत नाही.

आपले मंडळ अशा वेळी कधी मागे राहिलेले नाही, हे अभिमानाने सांगतो. २६ जुलै २००५ च्या पुरात मंडळाच्या एका खोलीतून तीन दिवस खिचडी गेली. तिचे पातेले अजून कपाटावर आहे, आणि ते विकायचा ठराव कार्यकारिणीत दरवेळी नामंजूर होतो. टाळेबंदीत पोळी-भाजी केंद्राच्या वहिनींनी एक पैसा न घेता डबे दिले. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा आपल्या डोंबिवलीने १९९९ मध्ये सुरू केली आणि महाराष्ट्राने उचलली. त्या यात्रेत आपल्या मुलांनी मातीच्या थरांचा चित्ररथ काढला, तो फडके रोडवर लोकांनी थांबून पाहिला. नाक्यावरचा त्रिकोणी बगीचा उभा राहिला तो अण्णांच्या हट्टामुळे. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी तेव्हा पेन्शनच्या थकबाकीतून दिलेली रक्कम आम्ही इथे लिहीत नाही, कारण त्या रागावतील. चौकातल्या भाजीवाल्या मावशी मंडळाच्या सभासदही नाहीत, तरी दर दसऱ्याला पाकीट आणून देतात. या सगळ्यांचे ऋण मंडळ विसरलेले नाही.

आता मुद्द्याचे. प्लेटिंगच्या जागी भीती असते ती मुख्यतः क्रोमियम, निकेल आणि शिसे यांची. त्यातले हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचेच एक विषारी रूप) सर्वांत वाईट. ते कर्करोगकारक आहे आणि पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे दर पावसाळ्यात थोडे खाली आणि थोडे बाजूला सरकते. बाजूला म्हणजे आपल्या जुन्या विहिरीकडे. त्यावर उपाय आहेत. फेरस सल्फेटसारखे द्रव्य मिसळून त्याचे कमी विषारी आणि सहसा न विरघळणाऱ्या रूपात परिवर्तन करता येते. फारच दूषित माती उचलून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात, आपल्याला जवळचे म्हणजे तळोज्याला, पाठवता येते. उरलेल्या जागेवर चिकणमातीचा थर आणि वर स्वच्छ माती टाकून बाग होऊ शकते. धारावीजवळ मिठीच्या काठी कचऱ्याचे आगार होते तिथे आज ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे कचरा होता, इथे रसायन आहे, हा फरक मान्य. पण वाया गेलेली जमीन परत मिळते, हे मुंबईने दाखवलेले आहे.

“खर्च आम्ही का करायचा, ज्याने घाण केली त्याने करावा,” हा प्रश्न सभेत तीनदा आला. रास्त आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, त्यात हेच म्हटले आहे. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी करायचा, तो मिळाल्यावर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची, पुढे तीन महिन्यांत सविस्तर पाहणी. प्रदूषण करणारा सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर खर्च सरकारने करायचा. म्हणजे सफाईचे कोटी-दीड कोटी आपल्याकडे कोणी मागत नाही. पण जागा त्या यादीत जायला हवी, आणि नुसते “पाणी हिरवे दिसते” असे लिहिलेले आपले अर्ज कुठे जातात ते आपण पाहिले आहे. अर्जाला प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला असेल तर तो बाजूला सारणे कठीण जाते. मंडळाला पैसे हवेत ते या पहिल्या पायरीसाठी.

एक गोष्ट मनाला लागली आहे, ती लिहितो. मागच्या आवाहनाला ग्रुपवर अंगठे भरपूर आले, रक्कम बेताचीच. होणाऱ्या बागेतल्या बाकांसाठी मात्र चार जणांनी आपणहून विचारले, नाव कुठल्या बाजूला येईल म्हणून. बाकावर नाव घालता येते, मातीच्या नमुन्यावर येत नाही, हे आम्हालाही कळते. पण तपासणीशिवाय बाक ठेवला तर त्यावर बसायला आपण कोणाला पाठवणार आहोत? गणपतीच्या वर्गणीला हात आखडता न घेणारी आपली वसाहत इथेच का थबकते, हे खरोखर समजत नाही.

खर्च असा : १८ ठिकाणी दोन-दोन खोलीवरचे ३६ नमुने, तुलनेसाठी लांबच्या स्वच्छ जागेचे २, विहिरीच्या पाण्याचे २, असे ४०, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रत्येकी सर्व मिळून ₹ ५,०००, म्हणजे ₹ २,००,०००. कुंपण व सूचनाफलक ₹ १,८०,०००. मागच्या कोपऱ्यावर ताडपत्री आणि पाणी वळवण्याचा चर ₹ ७०,०००. एकूण ₹ ४,५०,०००. जमा ₹ ९६,०००. कुंपण व नमुने घेण्याची परवानगी तोंडी मिळाली आहे, लेखी या आठवड्यात अपेक्षित. नमुने मृगाच्या आत घेतले पाहिजेत, नंतर चिखलात गाडी जाणार नाही. तपासणीची आखणी करून देणारे आपल्याच सी विंगमधले रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक मानधन घेणार नाहीत.

देणगी कार्यालयात रोज संध्या. ६ ते ८ (सोमवार बंद), धनादेश मंडळाच्या नावे, क्यूआर कोड दारावर लावला आहे. पावती त्याच दिवशी. प्राप्तिकरातली सवलत (८०-जी) हवी असल्यास पॅन द्यावा, रोख ₹ २,००० वर ती सवलत मिळत नाही. परदेशस्थ मुलांनी भारतीय पासपोर्ट असेल तरच आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची रक्कम परदेशी देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसल्याने घेता येणार नाही, गैरसमज नसावा. एका पूर्ण नमुन्याचा खर्च (₹ ५,०००) शक्य नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून एक घ्यावा. अहवाल जसा येईल तसा, चांगला असो वा वाईट, फलकावर लावला जाईल.

आपला,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने

ता. क. : स्वयंसेवकांनी त्या जागेत चपला घालून जाऊ नये, बंद बूट हवेत. माती उकरून घरी आणू नये. कुंड्यांसाठी तर नकोच. मागच्या महिन्यात कोणीतरी दोन पोती नेली आहेत, त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावीत. नाव विचारले जाणार नाही.