टॅब वाटाल, पण उघडणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर प्राथमिक शाळांना स्वस्तातले टॅब देण्याच्या विचाराची बातमी आली होती. त्या बातमीत टॅबची किंमत तीन वेळा आली आहे. तो बिघडल्यावर काय करायचं, हे एकदाही नाही. म्हणून हे पत्र.

लांज्यात माझं संगणक आणि मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दुरुस्तीवालाच दुरुस्तीसाठी पैसे मागतोय म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, हा आपल्याच पोळीवर तूप ओढतोय. ओढतोय, कबूल. पण शाळेत आलेल्या यंत्राचं पुढे काय होतं, ते माझ्या टेबलावर जेवढं दिसतं तेवढं वाटपाच्या मंडपात दिसत नाही.

आमच्याकडे शाळेतून जो संगणक 'मेला' म्हणून येतो, तो बहुतेक वेळा मेलेला नसतो. पावसाळ्याचे चार महिने वर्गात भिंतीला ओल. रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) पट्टीवर काळपट थर येतो आणि मशीन नुसतं बीप बीप करतं. पट्टी काढून खोडरबरनं पुसली की चालू. तारीख-वेळ लक्षात ठेवणारा सीमॉस सेल, म्हणजे आतला छोटा गोल सेल, संपलेला असतो, त्याला तीस-चाळीस रुपये पडतात. एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, पाल शिरून चिकटलेली असते, तेव्हा मात्र तो बदलावा लागतो. उंदरांना माऊसची वायर का आवडते ते देवाला ठाऊक. ही कामं अर्ध्या तासाची. पण मशीन दुकानात पोचायलाच दोन-दोन वर्षं जातात, कारण ते डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, नोंदलेलं असतं. मागच्या बाजूला कंपनीचं स्टिकर, ते फाटलं तर वॉरंटी गेली. मुख्याध्यापकांना भीती अशी, की आपण उघडलं आणि काही झालं तर भरून कोण देणार? त्यापेक्षा वर चादर घालून ठेवलेलं बरं. पुढे निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून काढून टाकायचा, प्रस्ताव जातो आणि चांगलं मशीन भंगारात निघतं.

टॅबची गत याहून वाईट. संगणकाला निदान स्क्रू तरी असतात. स्वस्त टॅबची बॅटरी आत डिंकानं चिकटवलेली, मागचं झाकण दाबून बसवलेलं. ब्लोअरनं गरम करून, पत्ती सारून उघडावं लागतं, आणि उघडताना दहातला एखादा डिस्प्ले तडकतोच. त्यात आपली मे महिन्याची सुट्टी. एप्रिलअखेर टॅब कपाटात जातात, बहुतेक पार उतरलेल्या चार्जवर. लिथियमची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिचा विजेचा दाब (व्होल्टेज) इतका खाली जातो की आतलं संरक्षक सर्किट पुन्हा चार्जच घेऊ देत नाही. जूनमध्ये गुरुजी कपाट उघडतात, बटण दाबतात, काळा पडदा. काही बॅटऱ्या फुगून पडदा वर उचलतात. कपाटात ठेवताना निम्मा चार्ज करून ठेवायचा, एवढी साधी गोष्ट. पण ती सांगणारा कागद खोक्यात नसतो. खोक्यात माहितीपत्रक असतं ते मेमरी किती आणि कॅमेरा किती याचं.

हे नवं नाही आणि फक्त आपलंही नाही. अमेरिकेतल्या एम.आय.टी.चे निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली गरीब देशांतल्या मुलांसाठी १०० डॉलरचा लॅपटॉप करायचं जाहीर केलं. त्या वेळच्या दरानं साडेचार हजार रुपयांच्या आत. नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला जागतिक परिषदेत नमुना दाखवला. वीज नसली तर हातानं फिरवायला कडेला पिवळी मूठ होती. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान ती फिरवायला गेले आणि मूठ हातात आली! आमच्या धंद्यातल्या कुणीही सांगितलं असतं, की फिरवायचा सगळा ताण लॅपटॉपच्या प्लास्टिक बॉडीवर टाकला की ते होणारच. बाजारात आलेल्या लॅपटॉपला मूठ नव्हती. किंमतही १०० डॉलर राहिली नाही, २००७ मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा १८८ च्या आसपास गेली होती.

तरी त्या एक्सओ नावाच्या लॅपटॉपची मी टिंगल करणार नाही. तो करणाऱ्यांनी दुरुस्तीचा विचार केला होता. आत पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही, म्हणजे धूळ ओढणं नाही आणि आपटून डिस्क जाणं नाही. कीबोर्ड सलग रबरी, पाणी आत जाऊ नये म्हणून. पडदा उन्हात वाचता येईल असा. बॅटरी हातानं काढता येणारी, तीही जास्त वर्षं टिकणाऱ्या जातीची. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, हँडलच्या आत जादा स्क्रू ठेवलेले. म्हणजे हा उघडला जाणार, एखादा स्क्रू हरवणार, हे बनवतानाच धरून चाललेले. आज जे टॅब शाळांना येतात त्यातल्या एकात तरी हे दाखवा.

भारत सरकारनं २००६ मध्येच ती योजना नाकारली. तेव्हाच्या शिक्षण सचिवांचं म्हणणं होतं की शैक्षणिकदृष्ट्या ही कल्पनाच संशयास्पद आहे, आधी वर्ग आणि शिक्षक हवेत. तरीही २००७ मध्ये पहिला प्रयोग झाला तो आपल्या कोकणात, कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर. एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, वीसेक मुलं. मुंबईपासून इतक्या जवळ ते लॅपटॉप आले होते, हे आज किती वाचकांना आठवतं?

सरकारला मात्र स्वस्ताचं वेड लागलं. २००९ च्या फेब्रुवारीत तिरुपतीला '१० डॉलरचा लॅपटॉप' म्हणून गाजावाजा झाला. प्रत्यक्षात ती माहिती साठवायची पेटी निघाली, तिला पडदाच नव्हता. मग ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅब्लेट आणला. ३६६ मेगाहर्ट्झचा मंद प्रोसेसर, जेमतेम २५६ एमबी रॅम, आणि नखानं दाबल्याशिवाय न हलणारा रेझिस्टिव्ह टच. पहिल्या खेपेनंतर दर्जावरून वाद झाले, काम आय.आय.टी. राजस्थानकडून आय.आय.टी. मुंबईकडे आलं, वर्षभरानं सुधारलेला 'आकाश २' निघाला. तो पहिल्यापेक्षा खूप बरा होता. तोवर बाजारात त्याच भावाचे दुसरे टॅब आले होते, आणि चर्चा अजून किमतीचीच चालू होती.

आता दोन देशांचं सांगतो, कारण मला जे म्हणायचं आहे ते तिथे घडून गेलं आहे.

पेरूनं एक्सओ लॅपटॉप सगळ्यात जास्त घेतले, आठ लाखांच्या वर. डोंगरातल्या लहान शाळांना आधी दिले, हेतू चांगला होता. आंतर-अमेरिकी विकास बँकेनं तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. मुलांच्या हातात संगणक आले, वापर वाढला, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. इंटरनेट बहुतेक शाळांत नव्हतंच. शिक्षकांना रोजच्या धड्यात तो कसा वापरायचा याची साथ नव्हती.

उरुग्वेनंही तेच यंत्र घेतलं. २००७ मध्ये एका खेड्यापासून सुरुवात केली आणि २००९ च्या अखेरीपर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला, म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त मुलांना, लॅपटॉप दिला. देश लहान आहे, सपाट आहे, वीज आहे, हे मान्य. पण त्यांचा हिशेब बघा. लॅपटॉप, इंटरनेट, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि दुरुस्ती धरून मुलामागे सुमारे २६० डॉलर. आणि पुढे दरवर्षी योजना चालू ठेवायला मुलामागे सुमारे २१ डॉलर, म्हणजे तेव्हाचे हजारेक रुपये. दुरुस्तीच्या गाड्या गावोगाव फिरवल्या. तिथेही लॅपटॉप धडाधड बंद पडलेच, मुलं ती मुलंच. पण बंद पडलेल्या यंत्राला जायला एक ठिकाण होतं.

आपल्याकडे तीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला संयुक्त अनुदान मिळतं दहा हजार रुपये. त्यात खडू, झाडू, संडासाची कडी, पिण्याच्या पाण्याची टाकी, विजेचं बिल, सगळं आलं. लांजा, राजापूर, संगमेश्वरच्या वाड्यांवर अशा कमी पटाच्या शाळा कितीतरी आहेत. त्या दहा हजारांतून एका टॅबचा डिस्प्ले बदला म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? वीजबिल थकून जोडणी तोडलेल्या शाळेतला टॅब मी पाहिला आहे. गुरुजी तो घरी नेऊन चार्ज करून आणत.

२०२० चा जून आठवतो. शाळा बंद, अभ्यास मोबाईलवर, आणि त्याच महिन्याच्या ३ तारखेला निसर्ग वादळ. दापोली, मंडणगडकडे विजेचे खांब आडवे पडले होते. आमच्या दुकानात त्या पावसाळ्यात जे फोन आले ते आईबापांचे जुने, पडदा फुटलेले, चार्जिंगची पिन सैल झालेले. माणसं म्हणायची, "पोराच्या शाळेचा आहे, आजच द्या." त्या वर्षी मुलांचं शिक्षण, जे काही झालं ते, या जुन्या दुरुस्त फोनांवर झालं. नवं कोरं फार थोड्यांकडे होतं. शाळेच्या कपाटातले टॅब कुलपातच होते.

तेव्हा टॅब घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. वाडीवरच्या पोराला यंत्र मिळालंच पाहिजे, शहरातल्याला मिळतं तसंच. पण निविदेत कमीत कमी भाव बघताना बॅटरी स्क्रूनं निघते का, तेही बघा. शंभर टॅब घ्यायचे असतील तर नव्वद घ्या आणि उरलेल्या पैशात त्याच मॉडेलचे डिस्प्ले, बॅटऱ्या, चार्जिंग जॅक घेऊन तालुक्याला ठेवा. कारण स्वस्त मॉडेल दोन वर्षांत बंद होतं आणि मग त्याचा भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही मिळत नाही. मुख्याध्यापकांना वर्षाला ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी द्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीनं जवळच्या दुकानात खर्च करता येईल अशी, आणि वॉरंटी संपलेलं यंत्र उघडायची लेखी मुभा द्या. माझ्याच दुकानात आणा असा आग्रह नाही. आय.टी.आय.ची मुलं आहेत, त्यांना हे काम सहज जमेल.

आणि नवीन घेण्याआधी कपाटं उघडा. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला कंपनीचे मोफत अपडेट थांबले म्हणून चांगले संगणक बाद ठरवू नका. तेच मशीन लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी घालायच्या मोफत प्रणालीवर, चालतं. केरळच्या सरकारी शाळांनी वर्षानुवर्षं मोफत सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवला आहे. चार जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एक लहान, जलद एसएसडी टाकली तर दहा वर्षांपूर्वीचं मशीन पाचवीच्या मुलाला भरपूर झालं. खर्च नव्या टॅबपेक्षा कमी येतो, आणि कीबोर्ड मिळतो तो वेगळाच. टॅबवर मूल बघतं, कीबोर्डवर काहीतरी लिहितं, असं माझं मत आहे. गुरुजी मंडळींनी खोडून काढावं.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. वाटपाचा कार्यक्रम झाला की फोटोबरोबर अधिकाऱ्यांना दोन आकडे विचारा: मागच्या खेपेतले आज चालू किती, आणि या खेपेच्या दुरुस्तीला तरतूद किती. उत्तर मिळालं नाही, तर 'उत्तर मिळालं नाही' असं छापा.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला,
लांजा, जि. रत्नागिरी