केबिन तापमान सेन्सरच्या सर्किटची तपासणी न करता सुटे भाग बदलल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ऑटोमॅटिक एसीच्या दोषाचे चुकीचे निदान आणि आकारलेल्या खर्चाचा परतावा

महोदय,

रस्ता खराब लागला की माझ्या गाडीचा एसी अचानक गरम हवा फेकू लागतो आणि काही वेळाने आपोआप पूर्ववत होतो. नागपूरच्या मे महिन्यात हे किती सुसह्य असेल, याची कल्पना आपण करू शकाल.

आपल्या येथील अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर) केबिन तापमान सेन्सरच्या सर्किटचा फॉल्ट कोड, म्हणजे दोषाचा सांकेतिक क्रमांक मिळाला आणि तेवढ्यावरच सेन्सर बदलण्यात आला. दोष कायम राहिल्यावर आता एसीचे कंट्रोल मॉड्यूल (एसी नियंत्रित करणारा छोटा संगणक) बदलावे लागेल, असे सांगून त्याचे खर्चाचे अंदाजपत्रक माझ्या हाती देण्यात आले आहे. मधल्या वायरी तपासल्या का, या प्रश्नावर ‘स्कॅनरने सेन्सरच दाखवला’ एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक हा कोड संपूर्ण सर्किटचा असतो आणि त्यात सेन्सरइतक्याच वायरी, कनेक्टर आणि मॉड्यूलही येतात.

हा सेन्सर थर्मिस्टर प्रकारचा असून तापमान वाढले की त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) कमी होतो. मॉड्यूल आपल्या आतील एका ठरावीक रोधामार्फत त्याला 5 व्होल्टचा पुरवठा करते आणि सिग्नलच्या वायरवर किती व्होल्टेज आहे, यावरून तापमान ठरवते. वायर तुटली किंवा पिन सैल झाली की हे व्होल्टेज 5 च्या जवळ जाते, केबिनमध्ये उणे 40 अंशांची थंडी असल्याचा मॉड्यूलचा समज होतो आणि ते इमानेइतबारे गरम हवा सोडते. माझ्या गाडीतील लक्षण नेमके हेच असून ते खड्ड्यांवरच दिसते. तेव्हा पहिला संशय सैल जोडावर जायला हवा होता. शिवाय काढलेला जुना सेन्सर मी मागून घेतला आहे. थंड खोलीत मल्टिमीटर लावून तो मुठीत धरला असता रोध सावकाश, कुठेही न अडखळता उतरतो आणि सोडल्यावर पुन्हा चढतो.

तपासणी मुळीच अवघड नव्हती. सेन्सरचा कनेक्टर काढला की स्कॅनरवरील तापमान साधारणपणे उणे 40 च्या आसपास जाते, आणि कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडल्या की ते दुसऱ्या टोकाला, म्हणजे अतिउष्णतेकडे जाते. तसे घडले नाही, तर मॉड्यूलपर्यंतच्या वायरी मोजाव्या लागतात. अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी मात्र वायरिंग हलवत आकडा कुठे उडी मारतो, हे पाहण्याला पर्याय नाही.

माझी मागणी अशी की, मॉड्यूलला हात लावण्यापूर्वी ही तपासणी माझ्यासमोर विनामूल्य करून प्रत्येक मोजमाप जॉबकार्डवर लिहून द्यावे, आणि दोष वायरिंगमध्ये आढळल्यास सेन्सरची किंमत व मजुरी परत करावी. 15 दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल. बिल, जॉबकार्ड आणि अंदाजपत्रकाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
(सही)