वीस फुटी रस्ता

टिळकवाडी, बेळगाव
७ मे

प्रिय बंड्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मध्येच हसतोस, आणि तू हसलास की माझं अर्धं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितोय. दिवाळीच्या तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही हे माहीत आहे, त्याच्या शिव्या एकदमच दे. बाबांची शुगर ताब्यात, आईचा गुडघा आहे तसाच, मी ठीक. झालं.

आता ऐक. परवा बाबांनी सईकडून कन्नड वाचून घेतलं. होय, आमच्याच बाबांनी. आपले दोघांचे बाप ८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात हिंडलग्याच्या जेलात एकाच बराकीत होते, तेव्हा बाकीचं तुला वेगळं सांगायला नको. हिला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग त्यात काय झालं?’ तेव्हाच कळलं की हे पत्र तुलाच लिहायचं.

झालं असं, की अनगोळात एक घर बघितलंय. खाली तीन खोल्या, वर दोन, मागे चिंच. घरमालक मुलाकडे हैदराबादला चाललाय. एजंट बोलका, ‘समोर तीस फुटी रोड आहे की हो, उद्या वर मजला चढवला तरी परवानगी मिळते’ वगैरे. उतारा, ईसी (म्हणजे बोजाचा दाखला), खरेदीपत्र, सगळ्याच्या झेरॉक्स दिल्या. बाबा असले कागद कायम त्या वकिलांच्या कारकुनाकडे नेतात. पण मे महिना, कारकून भाचीच्या लग्नाला चंदगडला. गल्लीतल्या घरी पलंगावर कागद पसरून आम्ही दोघं बापलेक बसलेलो, आणि दोघांनाही आकड्यांपलीकडे काही लागेना. आजोबांच्या वेळचा मुंबई इलाख्यातला मराठी दस्त त्यात होता, तो बाबांनी खडाखडा वाचला. पुढचं सगळं कन्नडमध्ये. तर म्हणाले, ‘सई, इकडं ये गं.’

पोरगी आली. बोट ठेवून ठेवून वाचायला लागली. ‘पूर्वक्के... पश्चिमक्के...’ चारी दिशा झाल्या. मग थांबली. ‘आजोबा, रस्ता इप्पत्तु अडी लिहिलाय.’

‘म्हणजे किती?’

‘वीस फूट.’

‘परत वाच.’

तिनं परत वाचलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, आणि एजंटला फोन लावून असा काही फैलावर घेतला की मला आपला गणिताचा तास आठवला. तो आता म्हणतोय, पुढंमागं रुंदीकरण होणार आहे. होईल की, आपली नातवंडं बघतील.

मला वाटलं विषय तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर म्हातारा सगळ्या महाराष्ट्र एकीकरण समितीवाल्यांना रंगवून सांगतोय, ‘नातीनं पकडलं.’ एकानं टोमणा मारलाच, की काय हो, घरात कन्नड शिरलं वाटतं. तर बाबा काय म्हणाले माहीत आहे? ‘२००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाची केस आहे. समोरच्या पार्टीचे कागद वाचणारं आपल्यात कोणीतरी पाहिजे की नको?’ कट्टा गार. मी मागे भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. हसू आलं, आणि खरं सांगतो, डोकंही फिरलं. मला याच माणसानं पस्तीस मार्कांपुरतं कन्नड शिकू दिलं रे! तू बसस्टँडवर कंडक्टर लोकांत बसून बोलायला शिकलास, बंगळूरला गेलास. मी पुण्याला गेलो. स्टेशनवर मी तुला फितूर म्हटलं होतं ते तू अजून लग्नाकार्यात सगळ्यांना सांगतोस. सांग. पण तेव्हा तुझ्या गाडीचं तिकीट माझ्या पैशाचं होतं आणि ते पैसे अजून आलेले नाहीत, हेही सांगत जा.

तर मूळ अडचण. गेल्या जूनमध्ये आम्ही इथं आलो ते ‘एक वर्ष बघू’ म्हणून. कंपनी घरून काम करू देत होती. आता फर्मान आलंय, आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीत तोंड दाखवा. पुण्याची वंदे भारतसुद्धा आठवड्यातून तीनच दिवस आहे, पण तिचे दिवस आणि साहेबांचे दिवस जुळत नाहीत. गाडीनं जावं तर सातारा ते कागल रस्त्याचं काम आपण म्हातारे होईपर्यंत चालणार. म्हणजे एक तर नोकरी सोडायची नाही तर बेळगाव. उद्यमबागेतला एक फौंड्रीवाला घ्यायला तयार आहे, डिझाइनचं काम बरं आहे, पगार पुण्याच्या निम्म्याहून जरा वर. तो म्हणाला, ‘इथं खर्च काय आहे हो?’

खर्च खरंच कमी आहे. वाकडला बत्तीस हजार भाडं देऊन खिडकीतून दुसऱ्याचं स्वयंपाकघर दिसायचं, इथं चौदा हजारात अख्खा मजला, आणि सकाळी तिसऱ्या गेटवरून जाणाऱ्या गाडीचा आवाज फुकट. सहाला काम संपलं की साडेसहाला मी व्हॅक्सिन डेपोवर चालायला असतो. पुण्यात साडेसहाला मी भूमकर चौकात असायचो, आणि साडेसातलाही तिथंच. दवाखाना म्हणशील तर मोठी मोठी इस्पितळं हाताशी, आईच्या गुडघ्याचे डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर. गोवा, कोल्हापूर, धारवाड, कुठंही जा, रात्री घरी. हे सगळं मी पुण्यातल्या मित्रांना सांगतो तेव्हा ते सुस्कारे सोडतात. त्यांना मी बाकीचं सांगत नाही.

बाकीचं म्हणजे, आपल्याला इथं सगळे ओळखतात. खडेबाजारात मिक्सरचं भांडं आणायला जा, दोन तास. प्रत्येक दुकानात तोच प्रश्न, ‘काय रे, नोकरी गेली काय?’ भर दुपारी चालू दिवशी मी गणपत गल्लीत दिसलो याचा दुसरा अर्थच नाही त्यांच्याकडे. घरून काम करतो म्हटलं की मान हलवतात आणि आईला वेगळं गाठून विचारतात. लग्नं तर विचारू नकोस. पुण्यात ‘सुट्टी मिळत नाही’ म्हटलं की सुटत होतो. इथं वैशाखात एका दिवशी चार चार आहेर, वर वास्तुशांत, बारसं, कुणाच्या गावची लक्ष्मीची यात्रा. चंदगड, हलकर्णीकडच्या लोकांना जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर असलं तरी दवाखाना बेळगावच, आणि दवाखान्याजवळ मुक्कामाला आमचं घर. भाड्यात वाचवलेलं चहात गेलं. माणसं आहेत म्हणून बरंही वाटतं, खोटं कशाला बोलू. मावशीआत्या आली की ही खूश असते, घर भरलेलं आवडतं तिला.

आणि पाऊस विसरलो होतो मी. जुलैत कपडे वाळेनात, चपलांना बुरशी, सई विचारते की सूर्य कुठं गेला. त्यात २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आपलं नाव आल्यापासून कुठला ना कुठला रस्ता खणलेलाच असतो. डिसेंबरात सुवर्णसौधला विधानसभेचं अधिवेशन, मग अख्खं मंत्रिमंडळ, पोलीस, मोर्चे, आणि त्याच दिवशी आपल्या समितीचा महामेळावा. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव, अर्धं शहर नाचतंय, अर्धं काळ्या फिती लावून. हिला पहिल्यांदा बघताना गंमत वाटली, व्हिडिओ काढत होती. मी तिला हाताला धरून आत आणलं.

गाडीचंही एक झंझट आहे, हे तुझ्या खात्यातलं म्हणून विचारतो. एमएच १२ घेऊन बारा महिन्यांवर राहायचं तर पुण्याच्या आरटीओची एनओसी आणून इथं नवा नंबर घ्यायचा, आणि कर्नाटकाचा आजीवन टॅक्स म्हणजे तुला माहीतच आहे. पुण्यातला उरलेला परत मिळतो म्हणतात. तुझ्या मेव्हण्याला मिळाला होता ना? किती चकरा मारल्या त्यानं? एमएच नंबर असला की नाक्यावर हटकून बाजूला घेतात. आणि कुठं दोन टाळकी भांडली, कुणी कुणाला काळं फासलं, की कोगनोळीला एसट्या बंद. कोल्हापूरची बहीण राखीला येईल की नाही हे आदल्या रात्रीच्या बातम्यांवर ठरतं. आई मात्र फायद्यात आहे. कर्नाटकाच्या शक्ती योजनेत लाल बसमधून निपाणीपर्यंत फुकट जाते, नाक्यापलीकडं एसटीत अर्धं तिकीट. गृहलक्ष्मीचे दोन हजार सुरू झाल्यापासून ती सिद्धरामय्यांबद्दल वाईट बोलू देत नाही, आणि कागलची मामी लाडक्या बहिणीचे दीड हजार दाखवते तेव्हा आई नुसती हसते. सीमाप्रश्नावर या दोघींचं एकमत आहे: जे चाललंय ते बरं चाललंय.

खरी गाठ शाळेची. कन्नड इथं सक्तीचं, २०१५ च्या कायद्यानं कुठल्याच शाळेत सुटका नाही. आलो तेव्हा सई रडायची. शेजारच्या अक्का शिकवतात, फी घेत नाहीत, भाकरीबरोबर शेंगाचटणी वर देतात. आता ती सहावी झाली. आणि हे नीट बघ: कर्नाटकाच्या सीईटीच्या एका नियमाप्रमाणं बारावीपर्यंतची सात वर्षं इथल्या शाळेत लागतात. सहावी ते बारावी, बरोब्बर सात. एक वर्षसुद्धा इकडंतिकडं झालं तर त्या नियमाचं दार बंद. उलट इथंच दहावी-बारावी केली तर सीमाभागातल्या ८६५ गावांच्या पोरांना महाराष्ट्रात वेगळ्या जागा आहेत, ते दारही उघडं. म्हणजे ज्या भांडणात आपली जवानी गेली त्याचा फायदा पोरीला दोन्हीकडून! हे मी बाबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, ‘त्यासाठी नव्हतं केलं.’ मग बराच वेळ पेपर वाचत बसले.

तर तुला वाटेल, ठरलंच की मग. हिचंही ठरलंय. गंमत बघ, सदाशिव पेठेतली ही बाई म्हणते मी इथून हलणार नाही. गणपत गल्लीतल्या चार दुकानांचं जीएसटीचं काम धरलंय, साड्यांच्या दुकानात मोडकं कन्नड बोलते, समोरचा हसतो, ती हसते, काम होतं. तिला बेळगाव म्हणजे पाचेक लाख वस्तीचं एक बरं शहर. हवा चांगली, भाडं कमी, नोकऱ्या थोड्या, पाऊस जास्त. संपलं. ती असा हिशेब करू शकते. मी करायला बसलो की मध्ये काहीतरी येतंच. महापालिकेच्या खिडकीशी उभा राहिलो की पोटात गोळा येतो, पन्नाशीचा घोडा मी, पुण्यात चाळीस इंजिनिअर हाताखाली, आणि इथं कारकून कागद पुढं करून म्हणतो ‘ओदरी’, म्हणजे वाचा, आणि मी सईकडं बघतो. तो कारकून चांगला आहे रे. मराठीत समजावून सांगतो. त्याचाच जास्त राग येतो.

पुण्यात मी काय होतो? कुणीच नव्हतो. ते किती आरामाचं होतं ते इथं येऊन कळलं. तिथं कुणी विचारलं, कुठले, तर ‘बेळगावचा’ म्हणायचो आणि समोरचा म्हणायचा, अरे वा, कुंदा! एवढ्यावर भागायचं. इथं बेळगावचा म्हणून राहायचं तर कुठला बेळगावचा ते रोज सांगावं लागतं: पेपर कुठला घेतोस, पाटी कुठल्या भाषेत लावतोस, पोरगी कुठल्या शाळेत. साठ टक्के कन्नडचा नियम आल्यावर आपल्या शाहापूरच्या अण्णानं पाटी बदलली, तर त्याच्याशी तीन घरं बोलेनात. आणि तो बिचारा सांगतोय, दंड तुम्ही भरणार काय?

तू कसं केलंस हे? गंभीरपणे विचारतोय. वहिनी धारवाडच्या, पोरं घरात दोन भाषांत भांडतात, तू विश्वेश्वरय्यांच्या फोटोखाली बसून जेवतोस. तुझ्या वडिलांनी लग्नात अक्षता टाकल्या तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, मी बघितलंय. पुढं काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही, कारण तेव्हा मी तुझ्याशी बोलत नव्हतो. ते आता सांग. एकदम मिटलं की रोज थोडं थोडं? का मिटलंच नाही आणि तुम्ही दोघं त्याच्या बाजूनं फिरून जेवायला बसायचात?

तुझ्या धाकट्याचा पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला ना? किती पडले? वहिनींची बदली झाली का? प्लॉटचं भांडण अजून कोर्टातच? सगळं लिही, किंवा नको, भेटल्यावर सांग. जूनच्या आत एकदा ये.

घरमालकाला पंधरा तारखेला सांगायचंय. बाबा म्हणतात रस्ता वीस फुटी आहे तर भाव त्या मानानं उतरव, आणि घे. ‘घे’ म्हणाले, हे लक्षात घे. ही म्हणते घे. सई म्हणते मागची चिंच माझी. मी एकटाच काही बोलत नाही. कागदांचे फोटो तुला व्हॉट्सअॅपवर टाकलेत, सगळी पानं नीट वाच, सईनं वाचलेलं पान धरून. ईसीमध्ये मधल्या एका वर्षी काहीतरी बोजा दिसतोय, तो फिटलाय की नाही ते मला नक्की हवंय. नुसता अंगठा पाठवू नकोस. फोन करशील तर रात्री नऊनंतर, आणि कृपा करून हसू नकोस.

तुझा,
राजू

ता.क. फौंड्रीवाल्यानं विचारलं, कामगारांशी कन्नड बोलता येईल ना? मी होय म्हणून आलोय.