बाटली शेवटच्या पाण्याची

संपादक महोदय,

मोठ्या लाँड्रीच्या धुलाई विभागात माझी बावीस वर्षं गेली. सांडपाण्याचा नमुना न्यायला कुणी आलं की मुकादम खुणावायचा आणि आम्ही यंत्र शेवटच्या खळबळण्यावर आणून ठेवायचो. ते बटण मीही दाबलंय. बाटलीत जवळजवळ नितळ पाणी, अहवाल उत्तम.

एकदा गंमत म्हणून मी पीएचची (पाणी आम्ल आहे की अल्कली हे रंगावरून दाखवणारी) पट्टी पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन्ही पाण्यांत बुडवली. यंत्रात कारखान्यातली तेलकट फडकी होती. पहिलं पाणी सोडलं तेव्हा पट्टी गडद जांभळी, म्हणजे ११ च्या पुढे, जहाल अल्कली. शेवटच्या पाण्यात हिरवी, म्हणजे साध्या पाण्यासारखी. फडकी तीच, मध्ये फक्त पाऊण तास.

तेलाचं तर विचारूच नका. ग्रीस ट्रॅप, म्हणजे वर आलेलं तेल अडवणारी टाकी, बसवला की झालं, असं सगळ्यांना वाटतं. पण तेल तरंगत असेल तरच तो ट्रॅप कामाचा. ७० अंशांचं पाणी, कॉस्टिक (धुलाईतली जहाल अल्कली) आणि साबण एकत्र आले की तेलाचे इतके बारीक थेंब होतात, की पाणी करडं, दुधाळ दिसतं आणि ट्रॅपमधून बिनबोभाट निघून जातं. पुढे गटारात ते निवतं, कॉस्टिक पातळ होतं, मग तेल सुटून पाइपाला चिकटतं. हे दुधाळ पाणी आधी आम्ल किंवा फेरिक क्लोराइड (लोखंडाचं एक रसायन) घालून फोडावं लागतं, म्हणजे त्यातलं तेल सुटं करावं लागतं, मग बारीक बुडबुडे सोडून तेल वर आणायचं. बाटली नितळच भरत असेल, तर हा खर्च कोणता मालक करेल?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १९९७ मध्ये औद्योगिक लाँड्रींसाठी राष्ट्रीय मानकं सुचवली आणि १९९९ मध्ये ती लागू न करता विषय स्थानिक यंत्रणांवर सोडला. मला त्यात फार वावगं वाटत नाही. जिथलं पाणी तिथल्यांनी तपासावं, पण खरंच तपासावं.

नमुना पाळीभर थोडाथोडा गोळा करावा. तेल आणि पीएच मात्र असं मिसळून मोजता येत नाही, तेल तर भांड्यालाच चिकटून बसतं. त्यांचे सुटे नमुने घ्यावेत आणि त्यातला एक पहिल्या पाण्याचा असावा. यंत्र कितव्या पाण्यावर आहे, हे यंत्राच्या समोरच्या फलकावर दिसतंच. नमुना घेणाऱ्यानं ते बाटलीच्या चिठ्ठीवर लिहावं, म्हणजे मुकादमाला खुणावून काही उपयोग होणार नाही.

– एक निवृत्त यंत्रचालक